यादीत नसलेला रकाना

धावडा,
३ ऑगस्ट

अक्षता बाळ,

कान गेल्यापासून फोन माझ्या कामाचा राहिला नाही, आणि मोबाइलवर टाइप करायला बसलो तर एका वाक्याला अर्धा तास लागतो. म्हणून पत्र लिहितोय.

आपल्या अंगदची आकांक्षा गेली. तुझ्या वडिलांनी तुला कळवलंच असेल. सहा वर्षं चार महिन्यांची होती. सोमवारी ताप आला, मंगळवारी सकाळी झटके आले, दुपारी भोकरदनला डॉ. भावना यांच्या दवाखान्यात नेली आणि बुधवारी संपलं. अंगद तेव्हापासून धड जेवलेला नाही. दारात बसून मुठी वळतो आणि सोडतो. माझा पोटचा पोरगा आहे, पण मला त्याच्याजवळ जायची भीती वाटते.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. पोरीला टेबलावर कुशीवर घातलं. राधेश्याम कंपाउंडरनं तिची मान आणि गुडघे धरून तिला वाकवलं, आणि डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीच्या कण्यात लांब सुई घातली. मेंदूभोवतीचं पाणी तपासायचं म्हणाल्या. मी दाराच्या काचेतून बघत होतो. पोरीचं तोंड मोठं उघडलेलं होतं. मला ऐकू येत नाही, पण ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती, ते दिसत होतं. शिशीत थेंब थेंब पाणी जमलं. दुसऱ्या दिवशी पोरगी गेली.

चौतीस वर्षं मास्तरकी केली, हजेरी घ्यायची सवय जात नाही. दहावं झाल्यावर मी वही घेऊन निघालो. आपलं गाव आणि आजूबाजूच्या दोन वाड्या मिळून एकतीस पोरांना हा ताप आला. अकरा जणांच्या पाठीतलं पाणी काढलं, त्यातली आठ गेली. वीस जणांचं काढलं नाही, त्यातली तीन गेली. नावं, वयं, तारखा सोबतच्या कागदावर आहेत.

तू पुण्याला असल्याच अभ्यासांचे आकडे तपासायचं काम करतेस. मला मोठं उत्तर नको. हा योगायोग आहे का, एवढंच दोन ओळीत कळव.

तुझा,
तात्या

—

पुणे,
९ ऑगस्ट

तात्या,

आकांक्षाचं कळलं तेव्हापासून काय लिहावं सुचत नाहीये. दिवाळीत ती माझ्या पाठीवर बसून अख्ख्या अंगणात फिरली होती. मला यायला जमलं नाही. आमचा एक अहवाल या आठवड्यात द्यायचा आहे आणि रजा मिळाली नाही. पोटची पोर गेली, अंगददादाला आणि गिरिजावहिनींना माझ्यातर्फे धीर द्या.

तुमची यादी पाहिली. फार नीट केली आहे. मी हिशेब करून पाहिला. अकरांत आठ आणि विसांत तीन, एवढा फरक निव्वळ योगायोगाने हजारात दोन-तीन वेळाच येईल. म्हणजे योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

घाईत लिहितेय. सवड मिळाली की पुन्हा नीट बघते.

अक्षता

—

धावडा,
२२ ऑगस्ट

अक्षता,

तुझं पत्र चौदा तारखेला मिळालं. त्यानंतर जे झालं ते पेपरात आलंय, पण पेपरवाले तिथं नव्हते. मी होतो.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा होती. सरपंच साहेबराव यांनी मला माइक दिला. मी यादी वाचली, मग तुझं पत्र वाचलं. शेवटची घाईची ओळ वाचली नाही, तीत काही विशेष नव्हतं. मग मी आकांक्षाचं सांगितलं. सुई घालताना पोरगी शुद्धीवर होती, ओरडत होती, आणि बाहेर आली ती मेल्यासारखी, असं बोललो. माझा आवाज मला ऐकू येत नाही, त्यामुळे मी किती मोठ्यानं बोलत होतो ते सांगता येणार नाही. समोरची तोंडं मात्र दिसत होती. मागं बायकांत गिरिजा उभी राहून दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, तिला सहन होत नाही म्हणून थांबवतेय. कोणीतरी तुझ्या पत्राचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन टेम्पो आणि चाळीसेक मोटारसायकली निघाल्या. जाब विचारायचा, एवढंच ठरलं होतं. मी पहिल्या टेम्पोत अंगदशेजारी बसलो होतो.

दवाखान्यात जाब विचारायला कोणी थांबलंच नाही. पुढची काच फुटली ती मला पायाखाली लागली तेव्हा कळली. बाया पोरं छातीशी धरून भिंतीला चिकटल्या होत्या. एकीच्या पोराच्या हातातली सलाईनची सुई ओढून निघाली आणि तिच्या लुगड्यावर रक्ताची चिळकांडी उडाली. डॉक्टरीणबाईंना खोलीतून केस धरून ओढत आणलं. त्यांनी हात जोडले होते. तो जोडलेला हात सोडवून, आकांक्षाला घातलं होतं त्याच टेबलावर पसरला, दोघांनी खांदा दाबला आणि एकानं बाकड्याचा पाय काढून मनगटावर घातला. एकदा नाही. पंजा उलटा फिरला, अक्षता. बोटं आपल्याकडं आणि तळवा वर, असा हात मी कधी बघितला नव्हता. त्यांचं तोंड उघडं होतं.

राधेश्याम आतल्या खोलीत होता. तिथं दोन पोरं ॲडमिट होती. तो पळाला नाही. दोन खाटांच्या मधे हात पसरून उभा राहिला. त्याच्या डोक्यात सलाईनचं लोखंडी स्टँड बसलं. तो गुडघ्यावर आला, परत उठायला गेला, परत बसलं. मग कानातून रक्त आलं आणि तो उठला नाही. ते कोणी मारलं, ते मला दिसलं नाही. माझ्यासाठी हे सगळं बिनआवाजाचं चाललं होतं. लोकांच्या ओठांवरून आणि गळ्याच्या शिरांवरून मी ओळखत होतो की ओरडणं चालू आहे.

राधेश्याम चार दिवसांनी संभाजीनगरला वारला. एकोणीस जण धरलेत. त्यात अंगद आहे. पोलिसांनी मला विचारलं, मी सांगितलं, काही दिसलं नाही.

मारहाण व्हायला नको होती. पण आकडा तर खोटा नाही. तूच तपासलास. वकील म्हणतात की तुझ्या संस्थेच्या कागदावर हेच पत्र सही-शिक्क्यानिशी मिळालं तर पोरांना जामिनाला उपयोग होईल. जल्दी पाठव.

तात्या

—

पुणे,
३० ऑगस्ट

तात्या,

ते पत्र मी पाठवणार नाही. ते चुकीचं होतं, आणि चूक माझी आहे. खालचं सगळं शांतपणे वाचा.

नऊ ऑगस्टला सकाळी माझ्यासमोर एक परदेशी अभ्यास होता. मेंदूभोवतीचं पाणी ज्या रुग्णांचं पुन्हा पुन्हा काढलं, त्यांच्यात मृत्यू जास्त, असं त्यात म्हटलं होतं. मी समासात लिहिलं, 'हे रुग्ण आधीच जास्त आजारी होते का? तपासलेलं नाही,' आणि तो अभ्यास बाजूला काढला. माझं कामच ते आहे. ज्यांनी आकडे गोळा केले त्यांनी काय विचारायचं सोडून दिलं, ते शोधायचं. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तुमची यादी उघडली आणि दहा मिनिटांत तुम्हाला उत्तर लिहिलं. जो प्रश्न परक्या माणसाला विचारला, तो तुम्हाला विचारला नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी बरोबर दिलं होतं. तो योगायोग नाही. पण योगायोग नाही म्हणजे सुईनं मारलं, असं होत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातून संभाजीनगरला हलवलेले रुग्ण, न हलवलेल्यांपेक्षा जास्त दगावतात. म्हणून काय तो रस्ता त्यांना मारतो? ज्यांचं जास्त झालंय त्यांनाच हलवतात. तसं पाठीतलं पाणी कोणाचं काढतात? जो शुद्धीवर नाही, ज्याला झटके थांबत नाहीत, त्याचं. साध्या तापाच्या पोराला डॉक्टर सुई लावत नाहीत.

तुमच्या यादीत एक रकाना नाही. सुईच्या वेळी, किंवा सुई लावली नसेल तर आजार सगळ्यात वाढला तेव्हा, पोर शुद्धीवर होतं की नव्हतं? आता हे तुम्हीच विचारू शकता. दवाखान्याचे कागद पोलिसांकडे आहेत आणि मला त्या घरांत कोणी उभं करणार नाही. एकतीसच्या एकतीस घरी जा. उत्तर काय यावं, हे मनात ठरवून जाऊ नका. माझ्या बाजूनंही नको.

राधेश्यामकाकांना कोणी मारलं ते तुम्हाला दिसलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते कितीदा उठायला गेले, ते मात्र तुम्ही मोजलंय.

अक्षता

—

धावडा,
२० सप्टेंबर

अक्षता,

तुझं पत्र वाचून मला राग आला होता. चार दिवस वही हातात घेतली नाही. मग वाटलं, हिला खोटं पाडायला का होईना, जाऊ.

लोक आता मला घरात घेत नाहीत. ज्यांची पोरं जेलमध्ये आहेत ते म्हणतात, मास्तरनं भरीला घातलं आणि स्वतः सुटला. खालच्या वाडीत एकानं गचांडी धरून दोन थोबाडीत दिल्या आणि वही गटारात फेकली. मी ती काढली, धुतली, वाळवली. पानं फुगलीत, पण वाचता येतात.

आपल्या आळीतल्या मालनबाईकडं गेलो तर तिनं मला उंबऱ्यावरच बसवलं. तिचा नातू पप्पू नऊ वर्षांचा. तो माझ्या जुन्या यादीत नाही, कारण त्याला ताप आला तो दवाखाना बंद झाल्यावर. जीपमधून जालन्याला नेत होते, राजूरच्या पुढं तिच्या मांडीवर गेला. ती माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश बोलली, म्हणजे मला ओठ वाचता यावेत. "मास्तर, डॉक्टरीण असती तं आर्ध्या घंट्यात पोचलो असतो." मी ते वहीत लिहिलं नाही, कारण रकान्यात बसत नव्हतं.

आता तुझा रकाना. पाणी काढलेली अकरा पोरं. त्यातली दहा सुईच्या आधीपासून बेशुद्ध, हे घरच्यांनीच सांगितलं. अकरावी आकांक्षा. तिच्यापुढं मी 'शुद्धीवर' असं आधीच लिहून ठेवलं होतं, विचारायचं कोणाला? मी स्वतः बघितलं होतं. गिरिजा भाकरी करत होती. वही बघून ती उठली, पिठाच्या हातानं माझ्या हातातला पेन घेतला आणि ते खोडलं. मग वहीत लिहिलं. तिचंच अक्षर तुला पाठवतो: 'तात्या, ती ओरडली न्हाई. सकाळपासून आवाजच नव्हता. झटक्यानं तोंड उघडं पडलं होतं. मी तुम्हाला सभेत हेच सांगून राह्यले होते, हात हलवून.'

मी दिवसभर बसून राहिलो. बहिऱ्या माणसानं ऐकल्याची साक्ष दिली, आणि चारशे माणसांनी ती खरी धरली.

न काढलेली वीस. त्यातली सोळा शेवटपर्यंत शुद्धीवर होती, सगळी वाचली. चार बेशुद्ध झाली. दोन दवाखान्यात पोचायच्या आत गेली, एकाच्या बापानं सुईला सही दिली नाही, ते गेलं. चौथं वाचलं.

म्हणजे बेशुद्ध पोरांत सुई लावलेली अकरातली आठ गेली. न लावलेली चारातली तीन गेली. मी मास्तर आहे, एवढं मला कळतं.

तू विचारलेल्या दुसऱ्या गोष्टीचं उत्तर. मला दिसलं होतं. स्टँड अंगदच्या हातात होतं. राधेश्यामनं त्याला ओळखलं, नावानं हाक मारली, ते मला ओठांवरून कळलं. अंगदनं तीन वार केले. तिसरा, राधेश्याम खाली पडल्यावर. मी दारात उभा होतो, चार पावलांवर. मी हात उचलला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

तात्या

—

पुणे,
१ ऑक्टोबर

तात्या,

तुमची वही मी दोनदा तपासली. पहिल्या यादीतला सगळा फरक आजार किती वाढला होता त्याचा आहे. सुईनं मूल मेलं, असं या आकड्यांत कुठेही दिसत नाही. मात्र एक गोष्ट जपा. सुईमुळे तीन वाचली, असंही यावरून म्हणता येत नाही. सुई न लावलेल्या चार बेशुद्ध मुलांवरून काही सिद्ध होत नसतं. लोक आता उलट्या बाजूला झुकतील, त्यांना तिथंही थांबवा.

मी परवा संभाजीनगरला जाऊन डॉ. भावनांना भेटले. मनगटात पट्ट्या आणि स्क्रू आहेत. अंगठा हलतो, बाकीची बोटं हलत नाहीत. मी कोण ते सांगितलं. त्यांनी बसायला सांगितलं नाही, मी उभी राहिले. पत्र मी लिहिलं होतं, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या की आकांक्षा आली तेव्हा सहा तासांपासून बेशुद्ध होती, मेंदूतला ताप जंतूंमुळे आहे की विषाणूमुळे, हे पाण्याशिवाय कळलं नसतं, आणि जंतू असते तर औषध होतं. अहवाल ती गेल्यानंतर आला. विषाणू होता. त्याला औषध नव्हतं. "तिच्या आजोबांना मी हे कागदावर लिहून देणार होते," त्या म्हणाल्या. "त्यांना ऐकू येत नाही, मला माहीत होतं. पण बाहेर पेशंट होते. राहून गेलं."

तिथून जालन्याला गेले. राधेश्यामकाकांचं घर जुना जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत आहे. उषाबाई एकट्याच होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी पत्राचा फोटो मोबाइलवर उघडला आणि मलाच वाचायला लावला. मी वाचलं. त्यांनी विचारलं, "हे लिहायले किती वेळ लागला?" मी म्हणाले, दहा मिनिटं. त्यांनी मान हलवली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी बराच वेळ पायरीवर बसले. दार उघडलं नाही.

संस्थेत मी लेखी कळवलंय. चौकशी होईल. माझ्या हातातली छाननी तोवर दुसऱ्याकडे दिली आहे.

अंगददादाबद्दल तुम्ही काय करायचं ते मी सांगणार नाही. पण त्या खोलीत काय घडलं, याची नोंद आज फक्त तुमच्याकडे आहे.

अक्षता

—

धावडा,
१४ नोव्हेंबर

अक्षता,

उजवा हात गळ्यात आहे म्हणून हे डाव्या हातानं लिहितोय. अक्षर सांभाळून घे.

तुझं पत्र मिळालं तोवर दोन ऑक्टोबरची ग्रामसभा होऊन गेली होती. तिथं मी नवी यादी वाचली. साहेबराव माइक देत नव्हते, मी खडू घेऊन शाळेच्या फळ्यावर रकाने पाडले. बेशुद्ध, शुद्धीवर, सुई, बिनसुई. आकडे मांडले आणि लिहिलं, 'माझी पहिली यादी चुकीची होती. आकांक्षा ओरडली नव्हती.' पाठ लोकांकडं होती त्यामुळं मागून काय येतंय ते कळलं नाही. पहिली खुर्ची खांद्यावर बसली. खाली पडल्यावर लाथा मोजल्या नाहीत. एक चेहरा दिसला, त्याची मुलगी यादीत सतराव्या नंबरवर आहे, वाचलेली. तोही मारत होता. गिरिजा अंगावर आडवी पडली तेव्हा थांबले. तिच्या डोक्याला चार टाके आहेत, माझं गळ्याखालचं हाड मोडलं. फळा कोणी पुसला नाही. दुसऱ्या दिवशी पोरं त्याच्याखाली बसून शिकली म्हणतात.

हात गळ्यात बांधून भोकरदनला गेलो आणि पोलिसांना नवा जबाब दिला. स्टँड कोणाच्या हातात होतं, वार किती, मी कुठं होतो, सगळं. साहेबानं दोनदा लिहून विचारलं, पोरगा आहे ना तुमचा? मी दोनदा हो लिहिलं. तुझं नऊ ऑगस्टचं पत्रही दिलं, मूळ कागद, खालच्या ओळीसकट.

गिरिजा माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते. नवऱ्याला अडकवल्याबद्दल बोलत नाही की सभेतलं तिचं ऐकलं नाही म्हणून, ते मी विचारलेलं नाही.

मागच्या मंगळवारी जेलला गेल्तो. काचेपलीकडं अंगद आला. तिथं फोनवर बोलायचं असतं, मला त्याचा उपयोग नाही, म्हणून शिपायानं त्याला कागद-पेन दिलं. दाढी वाढलीय, वजन निम्मं झालंय. माझा जबाब त्याला वकिलाकडून कळला होता. मला वाटलं, थुंकेल. त्यानं कागदावर लिहिलं आणि काचेला लावला: 'गिरिजाचं पत्र आलं. आकांक्षाला आधीच शुद्ध न्हवती ते खरं का?'

मी माझ्या कागदावर लिहिलं, खरं.

त्यानं कागद उलटला. मग लिहिलं: 'म्हंजे ती तापानं गेली. मंग राधेश्यामकाका कशानं गेले?'

मी उत्तर लिहायला घेतलं. आधी 'माझ्या यादीनं' लिहिलं. ते पुरं नव्हतं. खाली 'तुझ्या हातानं' लिहिलं. तेही पुरं नव्हतं. मग तुझं नाव लिहिलं आणि थांबलो. वेळ संपली म्हणून शिपायानं खांद्याला हात लावला. मी तो अर्धा कागद तसाच काचेला लावला. अंगदनं तो वाचला, एकेक ओळ, लहान पोरासारखं ओठ हलवत. मग कपाळ काचेला टेकवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. आवाज असेल तर तो माझ्यापर्यंत आला नाही.

डिसेंबरच्या अकरा तारखेला जालन्याच्या कोर्टात माझी साक्ष आहे. तुलाही समन्स येईल. वकील म्हणाले, पुतणीला सांगा, तब्येतीचं कारण काढता येतं. मी त्यांना सांगितलं, ती येईल. तुझं पत्र कोर्टापुढं आहे. त्यात काय होतं ते मी सांगीन. काय नव्हतं, ते तुला सांगावं लागेल.

उषाबाई पण येणार आहेत. आपण दोघं एकाच बाकावर बसू, त्यांना दिसू असे.

तात्या